नाला, विहीर आणि जुड्या धुण्याचा हौद: गिरणा खोऱ्यातील एका पाणी तपासणीचे प्रकरण

खानदेशात थंडी पडली की भरताचा हंगाम सुरू होतो आणि त्याबरोबर पातीच्या कांद्याची मागणीही वाढते. भरताची वांगी तुरीच्या नाहीतर कपाशीच्या काड्यांवर पार कोळपेपर्यंत भाजली जातात, त्यामुळे त्यांच्या सालीवर कोणते जंतू होते हा प्रश्न उरत नाही. पण भरतावर चिरून घातली जाणारी हिरवी पात, कोथिंबीर आणि कळण्याच्या भाकरीबरोबर तोंडी लावायचा मुळा हे सगळे कच्चेच पोटात जाते. या प्रकरणात ज्या पाण्याची तपासणी झाली ते नेमके याच पिकांना दिले जाणारे पाणी होते. मी महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो, आणि हे काम माझ्याकडे आले ते शिक्षक म्हणून नव्हे, तर त्या गावचा भाचा म्हणून.

गाव गिरणेच्या खोऱ्यात आहे. तालुक्याच्या गावातून येणारा नाला तिथून चार किलोमीटर खाली या शिवारात शिरतो आणि एका कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात अडतो. पावसाळा संपला की ऑक्टोबरात बंधाऱ्याला बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, टाकले जातात. त्यानंतर नाल्यात नैसर्गिक पाझर फारच थोडा राहतो आणि जे पाणी वाहत येते ते बहुतांशी वरच्या वस्तीच्या गटारांचे असते. गावातील अकरा शेतकऱ्यांनी गट करून मेथी, कोथिंबीर, पालक आणि पातीचा कांदा लावायला सुरुवात केली त्याला काही वर्षे झाली. मागच्या हंगामात जळगावच्या एका खरेदीदाराने माल नियमित उचलण्याची तयारी दाखवली, मात्र पाण्याचा तपासणी अहवाल मागितला. गटाने अहवाल दिला. खरेदीदाराने तो परत पाठवला आणि ‘यात जंतूंचे काहीच नाही’ असे कळवले.

शिक्का कशाचा होता

अहवाल खोटा नव्हता. त्यावर ‘सी3-एस1, निचऱ्याच्या जमिनीत सिंचनास योग्य’ असा शेरा होता, आणि विद्युतवाहकता, सामू (पीएच), सोडियमचे प्रमाण व क्लोराइड यांचे आकडे व्यवस्थित दिलेले होते. यातील सी म्हणजे क्षारांचा वर्ग आणि एस म्हणजे सोडियमचा. ही तपासणी जमीन चोपण होईल का, पीक क्षार सोसेल का, या प्रश्नांची उत्तरे देते. ते पीक खाणाऱ्या माणसाबद्दल ती काहीच सांगत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वापरानुसार केलेल्या वर्गीकरणातही तेच दिसते. सिंचनासाठीच्या ‘ई’ वर्गात सामू 6.0 ते 8.5, विद्युतवाहकता 2250 मायक्रोम्होपर्यंत, सोडियम शोषण गुणोत्तर 26 पर्यंत आणि बोरॉन लिटरला 2 मिलिग्रॅमपर्यंत अशा मर्यादा आहेत, पण विष्ठेच्या दूषणाची खूण मानल्या जाणाऱ्या कोलिफॉर्म जंतूंसाठी एकही मर्यादा नाही. आंघोळीच्या पाण्याच्या ‘बी’ वर्गात मात्र 100 मिलिलिटरमागे एकूण कोलिफॉर्म 500 पेक्षा जास्त नसावेत अशी अट आहे. म्हणजे ज्या पाण्यात माणसाने उतरू नये असे आपण म्हणतो, त्याच पाण्यावर वाढलेली कोथिंबीर कागदोपत्री ‘योग्य’ ठरू शकते. गटातील एकालाही हे ठाऊक नव्हते, आणि त्यांनी ते ठाऊक करून घ्यायला हवे होते असे मला वाटत नाही. शिक्क्यावर ‘योग्य’ लिहिलेले असताना शेतकऱ्याने आणखी काय वाचावे?

जागतिक आरोग्य संघटनेने 1989 साली, कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांसाठी सांडपाणी वापरायचे झाल्यास 100 मिलिलिटरमागे विष्ठेतील कोलिफॉर्म 1000 पेक्षा आणि लिटरमागे जंतांचे अंडे एकापेक्षा जास्त नसावे, अशी मर्यादा सुचवली होती. 2006 च्या मार्गदर्शनात तिने एकाच आकड्यावरचा भर सोडला आणि पाण्यापासून ताटापर्यंतच्या प्रत्येक टप्प्यावर जंतू किती दहापटींनी घटतात याची बेरीज करायला सांगितले. आम्ही जुना 1000 चा आकडा फक्त खूण म्हणून जवळ ठेवला आणि विचार मात्र नव्या पद्धतीने केला.

पहिली फेरी आणि माझी चूक

गटाने आधीच काही नमुने भरून ठेवले होते. ते पाण्याच्या विकतच्या रिकाम्या बाटल्यांत होते आणि दुपारभर मोटारसायकलच्या डिकीत राहिले होते. ते मी ओतून दिले. जंतूंच्या तपासणीसाठी बाटली निर्जंतुक हवी, नमुना बर्फात ठेवून शक्यतो त्याच दिवशी आणि फार तर 24 तासांत लावला गेला पाहिजे. नाहीतर बाटलीतल्या उबेत काही जंतू वाढतात, काही मरतात, आणि मिळणारा आकडा शेताचा न राहता बाटलीचा होतो.

डिसेंबरातल्या एका रविवारी मी स्वतः गेलो. बंधाऱ्याच्या साठ्यातून, नाल्यापासून साठेक फुटांवर असलेल्या विहिरीतून आणि गटातील एकाच्या बोअरमधून नमुने घेतले. पद्धत नेहमीची, बहुनलिका किण्वनाची होती. लॅक्टोजयुक्त द्रव भरलेल्या 15 नळ्या घ्यायच्या, पाचांत 10 मिलिलिटर, पाचांत 1 मिलिलिटर आणि पाचांत 0.1 मिलिलिटर पाणी घालायचे आणि त्या 37 अंशांवर ठेवायच्या. प्रत्येक नळीत एक इवलीशी डरहॅम नळी उलटी बुडवलेली असते. कोलिफॉर्म असतील तर ते लॅक्टोज आंबवतात, वायू तयार होतो आणि त्या उलट्या नळीच्या टोकाशी बुडबुडा अडकतो. किती नळ्यांत बुडबुडा आला यावरून तक्त्यात पाहून जंतूंची संभाव्य संख्या काढतात. वायू आलेल्या नळ्यांतून पुढे 44.5 अंशांवर वाढवून विष्ठेतील कोलिफॉर्मची आणि इंडोल चाचणीने त्यांतल्या ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूची खात्री केली जाते.

बंधाऱ्याच्या पाण्याच्या पंधराच्या पंधरा नळ्यांत वायू आला. अशा वेळी तक्ता ‘1600 किंवा अधिक’ एवढेच सांगतो आणि वाचणारा ते 1600 असेच वाचतो. गटातही ‘हजारची मर्यादा, आपले सोळाशे, म्हणजे थोडेच जास्त’ असे बोलणे सुरू झाले होते. म्हणून पुढच्या वेळी तेच पाणी हजारपटींनी आणि त्याहून अधिक विरळ करून लावले. तेव्हा पाच, तीन आणि शून्य असे नळ्यांचे गणित आले. त्याचा अर्थ 100 मिलिलिटरमागे सुमारे 8 लाख. ही पद्धत किती सैल आहे हेही इथेच सांगायला हवे, कारण पाच-तीन-शून्य या निकालाची 95 टक्के विश्वासमर्यादा साधारण अडीच लाखांपासून 25 लाखांपर्यंत पसरते. पण आठ लाख की वीस लाख हा वाद शेतकऱ्याच्या कामाचा नव्हता. मर्यादेपर्यंत यायला जंतू सुमारे हजारपटींनी घटले पाहिजेत, एवढे कळणे पुरेसे होते.

विहिरीच्या 15 नळ्यांपैकी फक्त दोनांत वायू आला, बोअरच्या एकाही नळीत नाही. मी गटाला सांगितले की विहीर ठीक आहे, पालेभाजी विहिरीवर घ्या. एका दिवसाच्या एका नमुन्यावर मी हे सांगितले, आणि वर्गात मी नेमके हेच करू नका असे शिकवत असतो.

विहीर कधी चांगली, कधी वाईट

पुढचा नमुना आठ दिवसांनी, सोमवारी सकाळी घेतला गेला. या वेळी विहिरीच्या सर्व नळ्यांत बुडबुडे होते. मला आधी माझ्याच कामाची शंका आली, म्हणून निर्जंतुक पाण्याच्या कोऱ्या नळ्या लावून पाहिल्या. त्या स्वच्छ राहिल्या. मग नाल्याचे पाणी मुरमातून विहिरीत पाझरत असेल असा तर्क केला. पण पाझर रोजचा असतो, तो एका रविवारी थांबून पुढे सोमवारी सुरू होत नाही.

उलगडा झाला तो प्रयोगशाळेत नव्हे, विहिरीच्या काठावर. गटातल्या ज्यांना सारे जिभाऊ म्हणतात त्यांना मी सहज विचारले की गेल्या आठवड्यात मोटार कधी चालली. ते म्हणाले, “रातनी लाईट व्हती ना सर, मंग इहीर भरी लिधी.” शेतीची वीज एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री मिळते. रात्रपाळीच्या आठवड्यात थंडीत, साप-बिबट्याच्या भीतीत वाफ्यांवर पाणी धरायला कोणी जात नाही. त्याऐवजी नाल्याची मोटार ऑटोवर टाकून ठेवतात, ती रात्रभर नाल्याचे पाणी विहिरीत ओतते, आणि दिवसपाळीचा आठवडा लागला की विहिरीची मोटार ते पाणी पिकाला देते. माझा पहिला नमुना दिवसपाळीच्या शेवटच्या दिवसाचा होता. तोवर भरलेले पाणी उपसले जाऊन विहिरीत मुख्यतः झऱ्याचे पाणी उरलेले होते. दुसरा नमुना रात्रपाळी संपल्यावर पहिल्याच सकाळचा होता. दोन्ही निकाल खरे होते. चुकीचे होते ते ‘विहिरीचे पाणी’ अशी एकच वस्तू आहे असे धरून चालणे.

हे कळल्यावर पहिली काळजी पालेभाजीची वाटली नाही. खुरपणीला आलेल्या बायका आणि शाळेतून परस्पर शेतात येणारी पोरे त्याच विहिरीच्या मोटारीच्या धारेखाली ओंजळ धरून पाणी पितात, हे मी दोन्ही वेळा डोळ्यांनी पाहिले होते आणि त्यावर काही बोललो नव्हतो. त्याच दिवशी ते पिणे बंद करायला सांगितले. बोअरच्या पाण्याची कळशी बांधावर ठेवण्याची व्यवस्था गटातील महिलांनी संध्याकाळपर्यंत केलीही.

काळ्या पडलेल्या बाटल्या

दर वेळी नमुने शहरात नेणे शक्य नव्हते. गावात जलजीवन अभियानात पाणी तपासणी शिकलेल्या महिला होत्या आणि त्यांच्याकडे हायड्रोजन सल्फाइड चाचणीच्या बाटल्या होत्या. ही चाचणी ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी 1982 साली प्रसिद्ध केली. बाटलीत पेप्टोन, सोडियम थायोसल्फेट आणि लोहाचा क्षार असतो. विष्ठेबरोबर येणारे काही जंतू थायोसल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात, त्याचा लोहाशी संयोग होऊन काळा साका पडतो. ई. कोलाय स्वतः हा वायू करत नाही, करतात ते त्याच्या सोबतीने येणारे सायट्रोबॅक्टर, साल्मोनेला, क्लोस्ट्रिडियम यांसारखे जंतू. तुंबलेल्या गाळातले गंधकजीवी जंतूही बाटली काळी करू शकतात. म्हणून या चाचणीला अंतिम निकाल म्हणता येत नाही.

पिण्याच्या पाण्यासाठी बाटली भरून पाणी घ्यायचे आणि ती काळी झाली की पाणी नापास, इतके सरळ असते. शेतीच्या पाण्याला ही रीत लावली तर उघड्यावरचे सगळेच पाणी नापास होईल आणि तपासणीला अर्थ उरणार नाही. आम्ही एवढाच बदल केला की उकळून गार केलेल्या पाण्यात शेतातल्या पाण्याचे 10, 1 आणि 0.1 मिलिलिटर घालून प्रत्येकी तीन बाटल्या लावल्या. 0.1 मिलिलिटरची बाटली काळी होणे म्हणजे 100 मिलिलिटरमागे हजाराच्या घरात जंतू असण्याची शक्यता, असा ढोबळ हिशेब त्यामागे होता. थर्मोकोलच्या पेटीत बल्ब लावून ऊब द्यायची असे ठरले होते, पण वीज गेली की बल्ब विझे. तेव्हा एका वहिनींनी गरम पाण्याच्या दोन बाटल्या पेटीत ठेवून वर गोधडी गुंडाळायला सुरुवात केली आणि पहाटे उठून पाणी बदलू लागल्या. दुसऱ्या दिवशी बंधाऱ्याच्या बाटल्या तळापासून वरपर्यंत शाईसारख्या काळ्या होत्या आणि झाकण सैल करताच सडक्या अंड्याचा वास घरभर पसरला. विहिरीच्या बाटल्या तेव्हा फक्त कडेने राखाडी झाल्या होत्या; त्यांना स्वच्छ न म्हणता आणखी एक दिवस ठेवले, कारण थंडीत रंग उशिरा चढतो. तिसऱ्या सकाळी त्यांतल्या 10 मिलिलिटरच्या तिन्ही काळ्या झाल्या.

सर्वांत अनपेक्षित निकाल हौदाचा लागला. बाजाराला जाण्यापूर्वी मेथी आणि पातीच्या जुड्यांची माती धुण्यासाठी शेताच्या कडेला सिमेंटचा हौद आहे. तो जवळच्या पाटातून, म्हणजे बहुधा नाल्याच्याच पाण्याने भरला जाई, आणि दिवसभर त्याच पाण्यात जुड्यांमागून जुड्या बुचकळल्या जात. तिथल्या 0.1 मिलिलिटरच्या तिन्ही बाटल्या काळ्या पडल्या. वाफ्यात पानावर पडलेल्या जंतूंना ऊन आणि वारा मारतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने हवामानाप्रमाणे दिवसाला साधारण तिपटीपासून शंभरपटीपर्यंत घट होते. हौदातून निघालेली जुडी मात्र ओली, सावलीत, पोत्याखाली झाकलेली असते आणि दुसऱ्या सकाळी ताटात येते. तिथे जंतूंना मरायला वेळच मिळत नाही. भाजी स्वच्छ व्हावी म्हणून जे केले जात होते, तेच तिला सर्वांत अस्वच्छ करत होते.

निकाल वाचताना

कोलिफॉर्म सापडले म्हणजे रोग सापडला असे नाही. ई. कोलायच्या बहुतेक जाती निरुपद्रवी असतात. ते विष्ठा पाण्यात आल्याची साक्ष देतात, आणि त्याच वाटेने साल्मोनेला, शिगेला, पटकीचे जंतू, कावीळ अ चा विषाणू येऊ शकतात. उलट 44.5 अंशांवर वाढणारे काही क्लेब्सिएला कुजलेल्या पाल्यातूनही येतात, म्हणून ई. कोलायची वेगळी खात्री महत्त्वाची. आणि जंतांची अंडी व काही विषाणू कोलिफॉर्मपेक्षा कितीतरी जास्त काळ टिकतात, त्यामुळे नळ्यांत वायू आला नाही म्हणजे तेही नाहीत असे धरता येत नाही. हा धोका परदेशातल्या मोठ्या शेतांनाही चुकलेला नाही. 2018 साली अमेरिकेत युमा भागातील रोमेन लेट्यूसमुळे 210 जण आजारी पडले, 5 दगावले, आणि आजाऱ्यांत सापडलेलाच ई. कोलाय ओ157:एच7 तिथल्या कालव्याच्या पाण्यात मिळाला.

नाल्याचे पाणी सोडून द्या असे मी गटाला सांगितले नाही, सांगू शकतही नव्हतो. हिवाळ्यात त्या शिवारात खात्रीचे पाणी तेवढेच आहे, आणि त्यातल्या नत्रामुळे युरियाही कमी लागतो. नाल्याची मोटार आता कपाशी, मका आणि चाऱ्यापुरतीच चालते. हरभऱ्याला ती द्यावी का यावर बरीच चर्चा झाली, कारण टहाळ आपण शेतातच सोलून खातो. शेवटी घाटे धरल्यावर द्यायची नाही असे ठरले. विहीर नाल्यातून भरणे बंद झाल्याने तिचे पाणी कमी पडू लागले आणि पालेभाजीचे क्षेत्र घटवावे लागले, हा खरा तोटा आहे आणि तो अकराही घरांनी सोसला आहे. रेनपाईप काढून टाकला, कारण तो पाणी थेट पानांवर शिंपतो. त्याऐवजी ठिबकच्या नळ्या अंथरल्या. मेथी आणि कोथिंबीर उपटून काढायची असल्यामुळे जमीन मऊ व्हावी म्हणून आदल्या दिवशी पाणी देण्याची रीत होती. म्हणजे जंतूंच्या दृष्टीने सर्वांत वाईट पाणी नेमके काढणीच्या तोंडावर मिळत होते. आता ते शेवटचे पाणी बोअरचे असते. जिथे तेही पुरत नाही तिथे पाणी तोडून चार दिवसांनी विळ्याने कापणी होते, आणि जुडी मुळांशिवाय दिसते म्हणून बाजारात थोडा भाव कमी मिळतो.

हौद घासून बोअरच्या पाण्याने भरला जातो आणि त्यात टीसीएल पावडर, म्हणजे क्लोरीन सोडणारी जंतुनाशक पावडर, टाकली जाते. पहिल्या आठवड्यात पावडर टाकूनही बाटल्या काळ्या पडल्या. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाने पाण्यात क्लोरीन उरला आहे का ते पिवळ्या रंगावरून सांगणारी ओटी चाचणी करून दाखवली, तेव्हा सकाळी पिवळा येणारा रंग पन्नासेक जुड्यांनंतर येईनासा झाला होता. मातीने क्लोरीन खाऊन टाकला होता. म्हणून आता माती आधी साध्या बोअरच्या पाण्याने एका घमेल्यात झटकली जाते, मग जुडी हौदात जाते, आणि रंग फिका पडला की हौद रिकामा होतो. क्लोरीन असलेल्या पाण्याचा नमुना घेताना बाटलीत थोडे सोडियम थायोसल्फेट घालावे लागते, नाहीतर क्लोरीन वाटेतही जंतू मारत राहतो आणि निकाल फसवा चांगला येतो, हेही तेव्हाच सर्वांना सांगितले.

फेब्रुवारीअखेरच्या फेरीत हौदाची एकही बाटली काळी पडली नाही. विहिरीचा नमुना मुद्दाम रात्रपाळीनंतरच्या सोमवारीच घेतला आणि 15 पैकी तीन नळ्यांत वायू आला. बंधाऱ्याचे पाणी होते तसेच आहे. त्याचा उगम वरच्या गटारांत आहे आणि तिथल्या व्यवस्थेकडे गटाने निकालांसह लेखी अर्ज दिला आहे. खरेदीदाराने तूर्त पात आणि मेथी घ्यायला सुरुवात केली आहे, पण दर महिन्याचा अहवाल मागितला आहे. जंतांच्या अंड्यांची तपासणी अजून झालेली नाही. जूनमध्ये बर्गे काढल्यावर पहिला पूर आला की नाल्याचे पाणी विहिरीच्या मुरमात किती शिरते ते पाहायचे आहे. त्या दिवसाचा आणि त्यानंतर सलग सात दिवसांचा नमुना घेण्यासाठी आठ निर्जंतुक बाटल्या वहिनींच्या कपाटात ठेवल्या आहेत, आणि कोणत्या दिवशी कोणी बर्फ आणायचा ते प्रत्येकीवर चिठ्ठी लावून लिहिलेले आहे.